दारावरची कडुनिंबाची डहाळी

लेकराच्या अंगावर पुरळ उठली की भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, दिघोरीच्या परिसरात, घरातली म्हातारी म्हणते, ‘माता आली.’ मग दाराला कडुनिंबाची डहाळी लागते. घरात फोडणीचा वास नको म्हणून कढई उतरते. बाजेवर निंबाचा पाला अंथरतात, खाज सुटली की त्याच पाल्याने अंगावरून हलकेच फिरवतात. खपल्या गळल्या की पाला टाकलेल्या पाण्याने न्हाऊ घालायचं आणि मातामायला नैवेद्य दाखवायचा.

ही सगळी रीत मुळात देवी या रोगाच्या धाकातून आलेली. देवी जीव घ्यायची, डोळे न्यायची. तिच्यापुढे कांजिण्या सौम्य. दोन्ही रोग निराळे, हे विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६७ साली नीट मांडलं. देवीची लस भारतात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तरीही देश देवीमुक्त व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली.

देवीचे उरलेसुरले रुग्ण शोधण्याच्या शेवटच्या मोहिमेत कांजिण्यांनी मोठा घोळ घातला. १९७५मध्ये देवीचा रुग्ण दाखवणाऱ्याला हजार रुपये इनाम होतं, त्यामुळे अंगावर फोड दिसला की खबर जाई. कर्मचारी आधी तळहात-तळपाय बघत. तिथे घट्ट, सगळे एकाच अवस्थेतले फोड असतील तर देवीचा संशय. फोड पोटा-पाठीवर दाट, आणि लाल ठिपका, पाण्याचा फोड, खपली शेजारी शेजारी असतील तर कांजिण्या.

देवी गेली, रीत मात्र कांजिण्यांकडे आली. त्या रीतीत शहाणपण होतं: डहाळी दिसली की शेजारची पोरं त्या घरात जात नसत. पण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीच रोग पसरू लागतो. डहाळी लागते तेव्हा लेकरू शाळेत खेळून आलेलं असतं, आणि साधारण दोन आठवड्यांनी पुढच्या घराला डहाळी लागते.

ही उशिराची खोट लसच भरून काढते. जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांच्या मुलाला कांजिण्यांनी बेजार केलं होतं. त्यांनी १९७४मध्ये पहिली लस तयार केली. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ दोन डोस सांगतात, पहिला पंधराव्या महिन्यात. रोग झालाच तर नखं कापावीत, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच ठेवावं, तापाला ॲस्पिरिन अजिबात देऊ नये. गरोदर बाईला तर त्या खोलीत जाऊच देऊ नये.

कांजिण्यांचा विषाणू बऱ्या झालेल्या माणसाच्या नसांत दडून राहतो. म्हातारपणी आजीच्या कमरेला नागीण उठते ती त्याचीच, आणि तिच्या फोडांतल्या पाण्याने लस न घेतलेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात.