मार्क, स्मार्ट आणि स्मार्क

आपल्या शाळेत 'मार्क' या शब्दाला एकच अर्थ होता, आणि सहामाहीच्या निकालाच्या दिवशी तो सगळ्यांनाच नीट कळायचा. अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या जगात मात्र याच शब्दाचा अर्थ 'बकरा' असा आहे. रिंगमधली मारामारी खरी मानून तिकिटाचे पैसे मोजणारा प्रेक्षक म्हणजे मार्क. निकाल आधीच ठरलेला असतो हे ज्याला कळलंय तो स्मार्ट. आणि हे सगळं कळूनही जो पुढच्या आठवड्यात पुन्हा टीव्हीसमोर बसतो, तो या दोन शब्दांना जोडून झालेला स्मार्क.

"इतिहासावर लिही, पण पानिपत नको," असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने बजावलं, तेव्हा मला हा विषय सुचला. कारण आपल्या तुकडीचं बालपण डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर गेलं. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. मुलींना कोणी डावात घेत नसे, पण आकडे आम्हालाही पाठ होते. वर्गात दोन पक्ष होते. एक म्हणायचा, खरंच मारतात. दुसरा म्हणायचा, सगळं खोटं असतं. दोन्ही पक्ष मधल्या सुट्टीत एकमेकांना मूर्ख ठरवण्यात डबा खायचं विसरायचे. हे भांडण आपण सुरू केलं नव्हतं. ते शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात जत्रेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकेत गावोगाव फिरणाऱ्या जत्रा असत. त्यांना कार्निव्हल म्हणत. एका तंबूत पैलवान उभा असे. त्याच्यासमोर ठरलेली मिनिटं टिकून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, असं आव्हान गावकऱ्यांना दिलं जाई. गर्दीतून बाह्या सरसावत पुढे येणारा गडी पुष्कळदा जत्रेचाच माणूस असायचा. या जत्रेवाल्यांची एक चोरबोली होती. सहज फसेल अशा गिऱ्हाइकाच्या पाठीवर खडूची खूण करायची, म्हणजे पुढच्या तंबूवाल्याला ते ओळखू येईल, अशी 'मार्क' शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. ठरवून केलेली कुस्ती म्हणजे 'वर्क', खरीखुरी म्हणजे 'शूट'. आणि हे गुपित परक्यापासून राखायचा जो नियम, त्याचं नाव 'केफेब'. नायक आणि खलनायक यांनी एका गाडीतून जायचं नाही, चारचौघांत एका टेबलावर जेवायचं नाही, हे सगळं केफेबमध्ये आलं.

'मार्क' हे नाव विकणाऱ्याने विकत घेणाऱ्याला, त्याच्या पाठीमागे ठेवलेलं होतं. पुढे हेच नाव एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली, आणि प्रेक्षकांच्या इतिहासातली खरी गंमत तिथे आहे.

पण लोक किती काळ खरोखर फसलेले होते? 1908 साली शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची कुस्ती दोन तास चालली. अशा लांबलचक, एकमेकांना धरून बसलेल्या कुस्त्यांना प्रेक्षक कंटाळत. 1920 च्या दशकात एड 'स्ट्रँग्लर' लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी धंद्याचा साचाच बदलला. वेळेची मर्यादा आली, डोळ्यांत भरणारे डाव आले, निकाल आधी ठरू लागले आणि एका गावातलं वैर पुढच्या गावात चालू राहू लागलं. 1930 च्या दशकात जॅक फेफर नावाच्या आयोजकाचं आपल्या भागीदारांशी बिनसलं, तेव्हा त्याने न्यूयॉर्कच्या 'डेली मिरर' या वृत्तपत्राला धंद्याची सगळी गुपितं सांगून टाकली. ती छापूनही आली. म्हणजे कुस्ती ठरवून होते ही बातमी नव्वद वर्षांची शिळी आहे. तरी कुस्ती काही बंद पडली नाही.

उलट दुसऱ्या महायुद्धानंतर टीव्ही आला आणि तिची भरभराट झाली. सोनेरी कुरळ्या केसांचा गॉर्जस जॉर्ज नोकराकडून रिंगमध्ये अत्तर शिंपडून घेत दिमाखात यायचा आणि लोक त्याचा मनापासून तिरस्कार करायचे. त्याच काळात न्यूयॉर्ककडे पहिल्या रांगेत बसणारी एक बाई 'हॅटपिन मेरी' म्हणून प्रसिद्ध झाली. जवळ येणाऱ्या खलनायकाला ती टोपीची लांब टाचणी टोचायची. ती मार्क होती की स्मार्ट? टाचणी टोचण्यासाठी कुस्ती खरी आहे असं मानावं लागतं का? नाटकातल्या खलनायकाला चप्पल फेकून मारणारे प्रेक्षक आपल्याकडेही होऊन गेले, आणि पडद्यामागे तो नट चहा पितो हे काय त्यांना माहीत नव्हतं? रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने 1957 च्या आपल्या पुस्तकात कुस्तीवर निबंध लिहून हेच सांगितलं : हा खेळ नव्हे, देखावा आहे, आणि लढत ठरवलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते.

'स्मार्ट' ही जात प्रेक्षकांत ठळकपणे दिसू लागली ती 1980 च्या दशकात. डेव्ह मेल्टझरने कुस्तीच्या आतल्या बातम्या देणारं 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' हे पत्रक काढलं. त्यात कुणाचा कुणाशी करार झाला, कुठे तिकिटं खपली नाहीत हे यायचं. सिनेमाच्या परीक्षणात देतात तसे कुस्त्यांना तारेही मिळायचे. वाचक जपानमधल्या कुस्त्यांच्या व्हिडिओ कॅसेट टपालाने एकमेकांना पाठवायचे. कोण जिंकलं यापेक्षा किती छान रंगवलं, हा त्यांचा प्रश्न असे. आपल्याकडे मैफलीत 'क्या बात है' म्हणणारा श्रोता असतो ना, तसा हा वर्ग.

धंद्यातली माणसं मात्र अजून केफेबला चिकटून होती. 1984 च्या डिसेंबरात एका टीव्ही पत्रकाराने डेव्हिड शुल्झ या पैलवानाला तोंडावर सांगितलं की मला हे खोटं वाटतं. शुल्झने त्याच्या दोन्ही कानांवर एकेक ठेवून दिली. 1987 साली जिम डगन आणि आयर्न शेख, एक कट्टर देशभक्त आणि दुसरा अमेरिकेचा कट्टर वैरी, न्यूजर्सीत एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले. अमली पदार्थांचा गुन्हा बाजूलाच राहिला, धंद्यातल्या लोकांना जास्त धक्का बसला तो दोघे एकत्र होते याचा. आणि 1989 च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यूजर्सीच्या सिनेटसमोर स्वतःच मान्य केलं की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. कारण अगदी व्यवहारी होतं. खेळ म्हटला की सरकारी नियंत्रण आलं आणि कर आला. जे गुपित राखायला लोकांनी मारामाऱ्या केल्या, ते मालकांनी कर वाचवायला उघड केलं.

याच सुमारास केबलवरून हे सगळं आपल्या घरात येऊ लागलं. तसा हा प्रकार मुंबईला नवा नव्हता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्री स्टाईल कुस्त्यांनी आपल्या आधीच्या पिढीला वेड लावलं होतं. 1968 साली मुंबईतच दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. कोल्हापूरच्या खासबागेत निकाली कुस्ती पाहत वाढलेले लोक फ्री स्टाईलला 'लुटुपुटूची' म्हणायचे, आणि दारासिंगच्या भक्तांना ते बिलकूल खपायचं नाही. म्हणजे लेबलं आपल्याकडेही होतीच, फक्त ती मराठीत होती.

आपल्या पिढीचा वाद अंडरटेकरवर होता. तो सात वेळा मेला आहे, ही बातमी कुठल्या वर्गातून निघाली कोण जाणे, पण ती देशभरातल्या शाळांत पोचली होती. 1996 साली 'खिलाडियों का खिलाडी' आला आणि त्यात अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटलं. तो खरा अंडरटेकर होता का, यावर आपल्या वर्गात काही दिवस बोलणं बंद होतं. ते काम करणारा पैलवान ब्रायन ली होता. आणि या ब्रायन लीने 1994 साली खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये 'नकली अंडरटेकर' होऊन खऱ्या अंडरटेकरशी कुस्ती केली होती. म्हणजे खोट्या मानल्या गेलेल्या खेळातला मुळातच खोटा असलेला माणूस आपल्या सिनेमात खरा म्हणून आला. यात मार्क कोण आणि स्मार्ट कोण, हे ठरवायला एखादी चौकशी समितीच नेमावी लागेल.

अमेरिकेतही नेमकं तेव्हाच हे वर्ग एकमेकांत मिसळत होते. मे 1996 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चार मित्रांनी, त्यातले दोघे कंपनी सोडून चालले होते, नायक-खलनायक हे नातं विसरून रिंगमध्ये गळाभेट घेतली. एका प्रेक्षकाने चोरून नेलेल्या कॅमेऱ्यात ती टिपली आणि सगळीकडे पसरली. 1997 च्या नोव्हेंबरात माँट्रियलमध्ये ब्रेट हार्टला न सांगता निकाल बदलला गेला. ठरलेल्या खेळात खरी फसवणूक झाली, आणि तेव्हापासून स्मार्क मंडळी प्रत्येक प्रसंगाकडे 'हे खरं तर नसेल?' म्हणून पाहू लागली. मालकांनी ही नस बरोबर पकडली. खरं वाटावं असं खोटं रचायला त्यांनी सुरुवात केली. 2011 साली सीएम पंक मंचावर मांडी घालून बसला आणि मालकांबद्दल मनातलं भडाभडा बोलू लागला, तेव्हा त्याचा माईक मध्येच बंद केला गेला. तो बंद करणंही ठरलेलंच होतं. जो स्वतःला सर्वांत हुशार समजतो, त्याला पकडायला त्याची हुशारीच पुरते, हे जत्रेवाल्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं.

या इतिहासातली एक तारीख मात्र हसण्यावारी नेता येत नाही. 23 मे 1999, कॅन्सस सिटी. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट एका विनोदी सुपरहिरोच्या वेषात छतावरून दोराने खाली उतरणार होता. दोराचा हूक वेळेआधी सुटला आणि तो सुमारे 24 मीटरवरून खाली पडला. टीव्हीवर समालोचक जिम रॉस पुन्हा पुन्हा सांगत होता की हा करमणुकीचा भाग नाही. हे सांगावं लागलं, कारण ऐकणाऱ्यांत सगळ्यांत जाणकार माणसालाही खात्री वाटत नव्हती. सभागृहातल्या हजारो लोकांना ओवेन गेल्याचं सांगितलंच नाही. पुढच्या कुस्त्या चालू राहिल्या.

त्या रात्री मार्क आणि स्मार्ट या दोन्ही शब्दांचं काम संपलं. 'सगळं खोटं असतं' म्हणणाऱ्या पक्षाने एक गोष्ट धरलीच नव्हती. निकाल ठरलेला असतो, पण रिंगची फळी ठरलेली नसते. ती पाठीला खरीच लागते. वर्षाचे शेकडो दिवस प्रवास, दुखणी दाबायला गोळ्या, आणि कंपनीच्या कागदोपत्री हे पैलवान कर्मचारी नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार. खोटं हा शब्द वापरला की या सगळ्याकडे बघायची गरज उरत नाही. तो शब्द धंद्याला सोयीचा होता आणि हुशार प्रेक्षकालाही.

2005 च्या सुमारास अमेरिकेत चाहत्यांच्या एका मेळाव्यात एक मध्यमवयीन माणूस माईकसमोर उभा राहिला. समोर निवृत्त पैलवान बसले होते. तुम्ही आमच्यासाठी तुमच्या शरीराचे हाल करून घेतलेत, याबद्दल आभार, असं म्हणताना त्याला रडू कोसळलं, आणि माझ्यासाठी हे अजूनही खरंच आहे, असं तो हुंदके देत म्हणाला. त्याचा तो व्हिडिओ जगभर फिरला. स्मार्क मंडळींनी त्याचं वर्षानुवर्षं गिऱ्हाईक केलं. मार्क म्हणजे कसा असतो त्याचा नमुना म्हणून तो दाखवला गेला. मी तो जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा मला वाटतं की त्या सभागृहात नेमकं काय चाललंय हे त्या एकालाच बरोबर कळलं होतं. निकाल खरा असतो असं तो म्हणतच नव्हता. तो त्यांच्या मोडलेल्या मानांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलत होता.

आपल्या तुकडीत आता डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, दोघे वकील आहेत, आणि सगळ्यांची पोरं कुठला ना कुठला खेळ पडद्यावर बघत असतात. त्यांच्यातही नवी लेबलं असणार, आणि कोण खरा चाहता आणि कोण भाबडा यावर भांडणंही होणार. ती होऊ द्यावीत, त्यात मजा आहे. मात्र कोणी आपटला की "खरं होतं का गं?" असं मुलाने विचारलं, तर मी त्याला दुसरा प्रश्न शिकवते. आपण शाळेच्या मैदानावर पडल्यावर बाई धावत येऊन जो आधी विचारायच्या, तोच. लागलं का?