क्रोम म्हणजे कल्हई

रत्नागिरीत जुनी मोटार सांभाळणाऱ्या माणसाचं पहिलं भांडण असतं ते खाऱ्या वाऱ्याशी. मांडवी, भाट्ये, मिऱ्या, कुठूनही येवो, वारा मीठ घेऊनच येतो. मोटारीला रंग पुन्हा देता येतो, गाद्या नव्या करता येतात. पण बंपर, दिव्यांच्या कडा, चाकांच्या टोप्या यांवरची चंदेरी चकाकी एकदा गेली की घासून परत येत नाही. ती का येत नाही, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८च्या सुमारास. त्या काळच्या मोटारींचे दिवे, कडा पितळी असत. पितळ तर आपल्या घरातलंच! चिंच लावा, आमसूल लावा, राखेनं घासा. वरचा काळा थर जातो आणि खाली पुन्हा पितळच निघतं. पुढे पितळेची जागा निकेलच्या मुलाम्यानं घेतली. निकेलही हवेनं मंद पडे. मग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत क्रोमियमचा मुलामा व्यवहारात आला. तो काळवंडत नाही, म्हणून मोटारवाल्यांनी तो उचलून धरला.

क्रोमियम हा धातू फ्रान्सच्या वोकलँ या रसायनशास्त्रज्ञानं १७९७ साली शोधला. गंमत म्हणजे त्याचं खनिज, क्रोमाइट, आपल्या कोकणातही आहे. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे इथे त्याचे साठे आहेत. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

आपल्याकडे ही चकाकी घरोघरी ओळखीची केली ती फियाटनं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढे १९७४ साली प्रीमियर पद्मिनी झाली. गणपतीला मुंबईहून एखादा चाकरमानी फियाट घेऊन आला, की आमच्या आळीतली पोरं बंपरमध्ये आपली वाकडीतिकडी तोंडं बघायला जमत. आणि घरची मंडळी देवाची उपकरणी घासता घासता उरलेली रांगोळी घेऊन बंपरही घासून काढत. माया खरी, पण रीत पितळेची.

क्रोमची रीत वेगळी आहे. पोलादी पत्र्यावर आधी निकेलचा थर असतो, काही वेळा त्याच्याही खाली तांब्याचा. क्रोमियम अगदी वर असतं आणि ते एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही जाड नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यांतून मीठ आत शिरतं, निकेलला छिद्र पाडतं आणि खालचं पोलाद गंजतं. बंपरवरचा तपकिरी ठिपका हा असा खालून आलेला असतो. थोडक्यात, क्रोम म्हणजे समई नव्हे, ती कल्हई आहे. कल्हईचं भांडं कोणी राखेनं खसाखसा घासत नाही.

म्हणून क्रोम आधी गोड्या पाण्यानं धुवावं, म्हणजे मीठ आणि वाळूचे कण निघून जातात. मग सौम्य साबण आणि मऊ फडकं. गंजाचे ठिपके असतील तर पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद चुरगळून, पाण्यात बुडवून, हलक्या हातानं फिरवावा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही. नंतर पूर्ण कोरडं करून मेणाचं पातळ पॉलिश लावावं. बंपरची आतली बाजू विसरू नये, कारण गंज बरेचदा तिथूनच सुरू होतो. आणि पावसाळ्यात ओल्या ताडपत्रीखाली गाडी कोंडून ठेवू नये.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? नवा मुलामा देऊन घ्यावा! देता येतो; पण त्याची किंमत फक्त पैशांत नसते. मुलाम्याच्या जुन्या पद्धतीत क्रोमिक आम्लाच्या टाकीतून बुडबुड्यांबरोबर सूक्ष्म तुषार उडतात. त्या तुषारांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडल्याच्या नोंदी वैद्यकात फार जुन्या आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९० साली या प्रकारच्या क्रोमियमला माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. आज कमी घातक पद्धती निघाल्या आहेत, पण लहान कारखान्यांत सगळीकडे त्या पोचलेल्या नाहीत.

पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. उरल्यात त्या हौसेनं सांभाळलेल्या गाड्या. त्यांच्या बंपरवरचा मूळ मुलामा कुणा कामगारानं त्या टाकीपाशी उभं राहून चढवलेला आहे. त्यावर चार ठिपके दिसले तरी बिघडत नाही. आठवड्याला एक बादली पाणी आणि कोरडं फडकं एवढ्यावर तो पुष्कळ वर्षं टिकतो, आणि तेवढी वर्षं तरी दुसऱ्या कुणाला त्या टाकीपाशी उभं राहावं लागत नाही.