व्हाइट बॅलन्स
डिजिटल कॅमेऱ्यात लाल व निळ्या संकेतांची पातळी हिरव्याच्या तुलनेत कमी-जास्त करून पांढरी वस्तू पांढरीच दिसावी यासाठी केलेली जुळवणी. प्रकाशाचे रंगतापमान केल्व्हिनमध्ये मोजतात : मेणबत्ती सुमारे १९००, तारेचा दिवा २८००, दुपारचे ऊन ५५००, तर मोकळ्या आकाशाखालची सावली ७००० च्या आसपास. कॅमेऱ्यावरचा आकडा वाढवला की छायाचित्र निळसर नव्हे, पिवळसर होते. नवशिके इथेच फसतात. मोठ्या आकड्याचा प्रकाश निळसर असतो आणि कॅमेरा त्याची भरपाई करत असतो. ट्यूबलाइटची हिरवट झाक केल्व्हिनने जात नाही. तिच्यासाठी हिरवा-किरमिजी असा वेगळा अक्ष असतो. स्वयंचलित पर्याय सूर्यास्ताची लाली अनेकदा पुसट करतो. तेथे ‘डेलाइट’ हा पर्याय बरा. अचूकता हवी असल्यास त्याच प्रकाशात करड्या कार्डाचे छायाचित्र घेऊन त्यावरून मूल्य ठरवतात. रॉ फाइलमध्ये ही निवड नंतरही बदलता येते. जेपेगमध्ये फेरफाराला वाव थोडा.