गुढी उतरल्यानंतर : चैत्रातील गृहसजावट आणि तिथीकडून ऋतूकडे जाणारी वाट

चैत्र शुद्ध प्रतिपदेला सकाळी उभारलेली गुढी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी उतरवली जाते. हळदकुंकू वाहून, नैवेद्य दाखवून ती खाली घेतात. तांब्याचा कलश पुन्हा देवघरात जातो, रेशमी खण घडी होऊन कपाटात बसतो, साखरेची गाठी मुलांच्या गळ्यात पडते आणि वेळूची काठी माळ्यावर चढते. सणाची सर्वांत ठळक खूण अशी बारा तासांच्या आत नाहीशी होते. दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण मात्र तसेच राहते, आणि दोन दिवसांनी, तृतीयेला, देवघरातली अन्नपूर्णा पितळी पाळण्यात बसते ती थेट वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. एका दिवसाची सजावट महिन्याच्या सजावटीला जागा करून देते. सणाचे घर ऋतूचे घर होते. हे हस्तांतर कसे घडते आणि आपल्या अभ्यासात त्याची दखल का घेतली गेली नाही, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

सणांचा अभ्यास आपल्याकडे तिथीच्या अंगाने झाला, याचे कारण साधनांच्या स्वरूपात आहे. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ (1612) काशीत सिद्ध झाला. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विद्वत्तेचेही ते एक फलित म्हणावे लागेल. काशिनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ (1790) पंढरपुरात झाला. या ग्रंथांचा मुख्य प्रश्न ‘केव्हा’ हा आहे : तिथी पूर्वविद्धा घ्यावी की परविद्धा, अधिकमास आल्यास काय करावे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा जो अफाट पट मांडला, त्याची बांधणीही याच साधनांवर आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला शिवासह गौरीला झोपाळ्यावर बसवावे, हे व्रतवाङ्मयाला ठाऊक आहे. पण त्या झोपाळ्याभोवती महिनाभर काय मांडावे, काय रेखावे आणि ते केव्हा आवरावे, हे सांगण्याची गरज त्याला वाटलेली नाही. ते काम घरातील स्त्रियांकडे होते. त्यांनी त्याची पोथी लिहिली नाही, अंगण लिहिले.

तुलनाकारांना परिचित असलेले एक उदाहरण येथे आठवते. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकात पश्चात्तापाने खचलेला दुष्यंत वसंतोत्सवाला मनाई करतो. दोन उद्यानपालिकांना हा हुकूम ठाऊक नसतो. मदनाच्या पूजेसाठी त्या आंब्याची मंजिरी खुडतात आणि कंचुकी त्यांना दटावतो. तो असेही सुचवतो की, झाडांनी आणि कोकिळांनीसुद्धा राजाज्ञा पाळली आहे, मोहोर धरला तरी पराग आलेला नाही आणि कोकिळेचा स्वर गळ्यातच अडला आहे. टीकाकारांनी येथे राजाच्या शोकाचे निसर्गावर पडलेले सावट पाहिले आणि ते योग्यच आहे. परंतु या प्रसंगाखाली एक व्यावहारिक प्रश्नही दडलेला आहे. उत्सव रद्द करता येतो, ऋतू रद्द करता येतो काय? कंचुकीला झाडांची साक्ष काढावी लागते, यातच उत्तर आले. दरबारचा वसंत दिवसाचा असतो आणि त्याला हुकूम लागू होतो. त्या दोन मुलींचा वसंत हातातल्या मंजिरीएवढाच असतो, पण तो कोणाच्या परवानगीने आलेला नसतो.

मराठी घरातील चैत्रांगणाकडे या दृष्टीने पाहिले तर त्याचे खरे स्वरूप कळते. शेणाने सारवलेल्या अंगणात, बहुधा तुळशीवृंदावनाजवळ, पांढऱ्या रांगोळीने हे चित्र काढतात. वर तोरण किंवा मखर, मधोमध झोपाळ्यावर गौर, आणि भोवती सूर्य, चंद्र, स्वस्तिक, शंख, चक्र, गदा, कमळ, गोपद्मे, लक्ष्मीची पावले, कासव, नाग, गरुड, अंबारीचा हत्ती, तुळस, आंब्याचे झाड, केळ, शिवाय फणी, आरसा, कुंकवाचा करंडा. चिन्हांची संख्या एकावन्न सांगतात, कोणी चौसष्ट सांगतात. ती घराघरांत बदलते आणि बदलावी हेच तिच्या स्वभावाला धरून आहे. वैष्णव आयुधे आणि शिवाची गौर येथे भांडण न करता एकत्र बसतात. देवाच्या गदेशेजारी बाईची फणी येते आणि दोहोंचा आकार सारखाच असतो. पोथीतल्या देवतांच्या उतरंडीला या अंगणात थारा नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे चित्र रोज पुसले जाते. सकाळच्या सड्यासारवणात कालचे चैत्रांगण जाते आणि आजचे त्याच जागी उमटते. गुढी एकदा उभारतात आणि एकदा उतरवतात. चैत्रांगण महिनाभर रोज उभारतात आणि रोज उतरवतात. सजावट टिकवून ऋतू दाखवता येत नाही, ती पुन्हापुन्हा करूनच दाखवता येतो, ही समजूत या रीतीच्या मुळाशी असावी, असे मला वाटते. हा पाठ पाठांतराने टिकलेला आहे, फक्त पाठांतर जिभेचे नसून बोटांचे आहे. मौखिक परंपरेविषयी आपण आजवर पुष्कळ बोललो. हस्तपरंपरेला अजून पुरेशी परिभाषाही नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा आरास हा याचा घरातला भाग. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, फुले, करंज्या-लाडू, कमळासारखे कापलेले कलिंगड, कैरीची डाळ, पन्हे, ओटीत भिजवलेले हरभरे, गुलाबपाण्याचा शिडकावा. यातील प्रत्येक वस्तू उन्हाळ्याची आहे. विशेष म्हणजे हळदीकुंकवाला ठरलेली तिथी नाही. महिन्यातील सोयीचा कोणताही दिवस चालतो, म्हणून एका आळीतील घरे आपसात वार वाटून घेत आणि पूर्ण महिना आळीत कोठे ना कोठे आरास असेच. (या आनंदाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. हा समारंभ मुख्यत्वे ब्राह्मण आणि त्यांच्या आचाराजवळच्या घरांचा होता, आणि विधवेला त्यात स्थान नव्हते. आरासासाठी डाळ वाटणारी बाई पुष्कळदा तीच असे.)

महिन्याचा हा अवकाश निव्वळ हौसेचा नव्हे, त्यामागे पंचांगाची अडचण आहे. चांद्रसौर गणनेत पाडवा सूर्याच्या मानाने पुढेमागे सरकतो. 2021 मध्ये तो 13 एप्रिलला होता, 2023 मध्ये 22 मार्चला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कित्येक ठिकाणी आंब्याला मोहोर आणि बारीक कैऱ्याच असतात. एप्रिलच्या मध्याला डाळीजोगी कैरी सहज मिळते. एका तिथीला बांधलेला सण ऋतूला चुकू शकतो. तृतीया ते तृतीया असा महिना घेतला की चूक भरून निघते. 2021 चा गौरीचा महिना 15 एप्रिल ते 14 मे असा होता, 2023 चा 24 मार्च ते 22 एप्रिल. एप्रिलच्या मध्यानंतरचा एक आठवडा दोन्हींत सापडतो. तिथी चंद्राची आणि कैरी सूर्याची, त्यांचा मेळ गौरीच्या मुक्कामाने घातला. पारशी समाजाचे उदाहरण येथे उलट बाजूने बोलके आहे. त्यांच्या शहेनशाही गणनेत अधिक दिवस धरले गेले नाहीत, त्यामुळे मूळचे वसंतातले नववर्ष सरकत ऑगस्टमध्ये आले, आणि ऋतूशी नाते ठेवण्यासाठी 21 मार्चचा जमशेदी नवरोज वेगळा पाळावा लागला.

आता तृतीयेकडे जरा थांबून पाहू. ज्या चैत्र शुद्ध तृतीयेला महाराष्ट्रात गौर पाळण्यात बसते, त्याच तृतीयेला राजस्थानात गणगौर संपते. तेथे होळीच्या दुसऱ्या दिवसापासून मुली आणि नवविवाहिता गौरीची पूजा करतात, गहू-जव पेरून त्यांचे अंकुर वाढवतात आणि तृतीयेला ईसरबरोबर गौरीची पाठवणी करतात. तिकडे ती सासरी निघते, इकडे ती माहेरी येते. एकच देवी, एकच तिथी, आणि प्रवासाच्या दिशा विरुद्ध. दोन प्रांतांच्या मधल्या पट्ट्यात काय होते, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते. निमाडात गणगौर रनुबाई आणि धणियर राजा यांच्या रूपाने येते, जवारांसह येते आणि तृतीयेच्या सुमारास जाते. निमाडाला लागून असलेल्या खानदेशात मात्र गौराई आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यांवर गौराईची गाणी म्हटली जातात. देशावरच्या घरात जो झोपाळा वीतभर पितळेचा होऊन देव्हाऱ्यात बसला, तो खानदेशात खरोखरीचा आहे आणि त्यावर देवीऐवजी लेक बसते. निमाड आणि खानदेश यांच्या सीमेवर कोठेतरी गौरीचा निरोप आणि तिचे आगमन यांची अदलाबदल होते. लोकगीतांचा अभ्यास भाषावार सीमा पाळून केल्यामुळे हा सांधा आपल्या नजरेतून निसटला.

बंगालमध्ये याच ऋतूत पुण्यिपुकुर व्रत येते. चैत्र संक्रांतीपासून वैशाख संक्रांतीपर्यंत, महिनाभर, मुली अंगणात छोटे तळे खणून त्यात रोज पाणी घालतात. उन्हाळ्यात तळी आटू नयेत हा त्यामागचा भाव. या व्रतांना अवनींद्रनाथ ठाकुरांसारखा अभ्यासक लाभला. ‘बांगलार ब्रत’ (1919) या छोट्या पुस्तकात त्यांनी शास्त्रीय व्रते आणि मुलीबायकांची व्रते यांत भेद केला, आणि आलपना, छडा व कृती मिळून एकच इच्छा व्यक्त होते असे मांडले. मराठीत दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (1956) महिन्यांना गद्याची प्रतिष्ठा दिली. पण तेथे लक्ष झाडांवर, पाखरांवर आणि आकाशावर आहे. अंगणातल्या रेघेला अवनींद्रनाथांच्या तोडीचा वाचक मराठीत मिळायचा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या हस्तांतराला आणखी एक पेच पडतो. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर येथील संस्थानांबरोबर आणि काशीसारख्या क्षेत्री विद्येबरोबर ही घरे तेथे रुजली. काशीत पौर्णिमान्त गणना चालते, म्हणून शेजाऱ्यांचा चैत्र होळीच्या दुसऱ्याच दिवशी लागतो आणि पौर्णिमेला संपतो. मराठी घराचा अमान्त चैत्र पंधरा दिवस मागाहून येतो आणि शेजारी वैशाख लागल्यावरही चालू राहतो. प्रतिपदेला शेजारी नवरात्राचा घट बसतो, जव पेरले जातात. मराठी दारात गुढी उभी राहते. नवव्या दिवशी रामजन्म दोघांचाही. त्यानंतर शेजाऱ्यांचा सण आटोपतो आणि मराठी घरात झोपाळा हलत राहतो. उत्तरेत वाढलेल्या माझ्यासारख्यांना आपण मराठी असल्याची जाणीव गुढीने फारशी झाली नाही, कारण त्या दिवशी सर्वांकडेच काहीतरी असे. ती झाली रामनवमीनंतर, शेजारणी ‘अजून तुमचे चालूच आहे का?’ असे विचारू लागत तेव्हा.

शहरी घरांत गेल्या काही दशकांत ही वाट उलटी वळलेली दिसते. फरशीवर सडा पडत नाही. चैत्रांगण पाटावर तेलरंगाने रंगवून ठेवलेले मिळते, छापील चिकटचित्रातही मिळते. ते एकदा मांडले की महिनाभर पुसावे लागत नाही, आणि पुसले जात नसल्याने रोज काढावेही लागत नाही. हळदीकुंकू मंडळाच्या सभागृहात एका रविवारी होते. म्हणजे महिन्याचा पुन्हा दिवस झाला. याला नुसती हानी म्हणणे मला पटत नाही, कारण त्या रविवारच्या हळदीकुंकवात पूर्वी दाराबाहेर ठेवलेल्या काही जणी आता बसलेल्या असतात, आणि हे लहान नाही. परंतु दारावरच्या प्लास्टिकच्या तोरणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ते दसऱ्याला लागते आणि पाडव्यालाही तेच असते. आंब्याचे पान आठवड्याभरात कडेने वळते, तपकिरी होते, वाऱ्याने खडखडते. पाडव्याला किती दिवस झाले, हे त्याच्याकडे पाहून कळे. प्लास्टिकला ही भाषा येत नाही.

अक्षय्य तृतीयेला शेवटची आरती होते, गौर पाळण्यातून उतरते आणि अन्नपूर्णा होऊन देव्हाऱ्यातल्या आपल्या जागी बसते. पितळी पाळणा चिंचेने घासून, पुसून फडक्यात बांधला जातो. तोवर दारावरचे तोरण पार वाळलेले असते. दोरा ओढला की पाने गळून उंबऱ्यात पडतात आणि ती केरसुणीने अंगणात लोटली जातात.