जुन्या गाडीचे दागिने

इकडे अमेरिकेत जुन्या गाड्यांचे वेड असलेली माणसे बरीच भेटतात. वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये घालवून ती एखादी मोडकळीला आलेली गाडी पुन्हा उभी करतात. इंजिनाचे काम अवघड खरेच, पण खरी वादावादी रंगते ती ट्रिमवरून. ट्रिम म्हणजे गाडीचे दागिने: रेडिएटरची चौकट, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, बंपर. यांना रंग द्यायचा की मुलामा? चकचकीत की मंद? वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न. पण खोलात गेले की कळते, यात त्या त्या काळाचे रसायनशास्त्र आणि अर्थकारण दडलेले आहे.

फोर्डची मॉडेल टी घ्या. ती १९०८ साली आली तेव्हा तिचा रेडिएटर पितळी होता, दिवेही पितळी. दिसायला सुंदर, पण आपल्या देवघरातल्या समईसारखेच: घासले नाही की काळवंडणार. शिवाय पितळ महाग. १९१३-१४ मध्ये असेंब्ली लाइन आली आणि साडेबारा तासांचे जोडणीचे काम दीड तासावर आले. गाडी स्वस्त करण्याच्या त्या धडपडीत १९१७ च्या मॉडेलपासून पितळी रेडिएटर गेला आणि काळे रंगवलेले पोलादी कवच आले.

१९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण काळा म्हणजे नेमका कुठला? जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले, की या गाडीच्या वेगवेगळ्या भागांसाठी तीसहून अधिक प्रकारचे काळे रंग वापरले गेले! त्यांतल्या बऱ्याच रंगांत डांबराच्या जातीचे एक खनिज आणि जवसाचे तेल असे. काही रंग हवेत वाळत, काही भट्टीत भाजावे लागत. लाकूड असलेल्या भागाला लोखंडाइतके तापवता येत नाही, हे उघडच आहे. त्यामुळे आज बाजारातला एकच चकचकीत काळा रंग सगळीकडे फासला, तर गाडी काळी होईल, पण जुनी मॉडेल टी काही दिसणार नाही.

पुढची पायरी निकेलची. फोर्डच्या १९२८-२९ च्या मॉडेल ए गाड्यांची ट्रिम निकेलच्या मुलाम्याची होती. १९३०-३१ मध्ये तिथे स्टेनलेस स्टील आले. दरम्यान क्रोमचा मुलामा देण्याची व्यवहार्य पद्धत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांच्या संशोधनातून पुढे आली होती, आणि विसाचे दशक संपेपर्यंत इतर कंपन्यांनी क्रोम उचलून धरला. निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर. शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो.

माझ्या ओळखीच्या एका आजोबांकडे वडिलांची १९२९ ची मॉडेल ए आहे. मुलामा देणाऱ्या दुकानदाराने त्यांना सांगितले, "क्रोम करून घ्या, पुसायची कटकट नाही." मुलांचेही तेच मत. आजोबांनी मात्र निकेलच केले. वडील दर रविवारी दिवे पुसत बसायचे, ही त्यांची आठवण. क्रोम केले असते तर त्या रविवारांचे कारणच नाहीसे झाले असते.

एक गंमत सांगतो. क्रोमच्या भागाची झळाळी मुख्यतः क्रोमची नसतेच! खाली तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा अगदी पातळ थर, अशी नेहमीची रचना असते. झळाळी आणि गंजापासून संरक्षण बरेचसे निकेलचे. क्रोम त्याला काळवंडू देत नाही. कोरियन युद्धाच्या काळात (१९५०-५३) अमेरिकी सरकारने निकेलच्या वापरावर निर्बंध घातले. मग कारखान्यांनी निकेल गाळून तांब्यावर थेट क्रोम चढवला आणि वर पारदर्शक लॅकर मारले. तो मुलामा फार टिकला नाही. म्हणजे १९५२ च्या गाडीचा खड्डे पडलेला बंपर ही केवळ हेळसांड नव्हे, तो युद्धाचा पुरावाही आहे.

मग तो तसाच गंजू द्यायचा का? रोज गाडी चालवणाऱ्याला मी असे सांगणार नाही. गाडी त्याची, पैसे त्याचे. पण जुना थर एकदा ॲसिडमध्ये उतरवला की तो कायमचा गेला. म्हणून घाई करू नये. आधी भाग सुटा करून त्याची मागची बाजू, स्क्रूखालची जागा, ऊन न लागलेला कोपरा पाहावा. मूळ फिनिश बहुधा तिथेच शिल्लक असते. त्याचे फोटो काढावेत, जमल्यास एखादा लहानसा भाग न घासता तसाच ठेवावा. नंतर हवे ते करावे.

माझ्या मते योग्य फिनिश म्हणजे सर्वांत चकाकणारे नव्हे, तर त्या वर्षी त्या कारखान्यातून जे बाहेर पडले ते. कारखान्याने काटकसर केली असेल, तर ती काटकसरही दिसू द्यावी.