टॅब ऑर्डर

डेटाबेसच्या फॉर्मवर टॅबची कळ दाबल्यावर कर्सर एका चौकटीतून कोणत्या चौकटीत जाईल, हे ठरवणारा क्रम. शिफ्ट-टॅब दाबल्यास हाच क्रम उलटा चालतो. दिवसभर नोंदी करणाऱ्याला फॉर्मच्या रंगसंगतीपेक्षा याचे मोल अधिक, कारण क्रम चुकला की हात सारखा माउसकडे जातो.

१९९२ साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये प्रत्येक चौकटीला ‘टॅब इंडेक्स’ हा क्रमांक असतो. मोजणी ० पासून सुरू होते. नवी चौकट पडद्यावर कुठेही ठेवा, रांगेत ती शेवटीच लागते. नेहमीचा घोटाळा इथलाच. शाळेच्या प्रवेश-फॉर्मवर नावाशेजारी मागाहून मोबाइल नंबराची चौकट बसवली, तर कर्सर नावावरून थेट जन्मतारखेवर जातो, पत्ता आणि पिनकोड उरकतो आणि मग एकदम वर येऊन मोबाइल नंबर मागतो.

दुरुस्तीसाठी फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडून ‘टॅब ऑर्डर’ची खिडकी घ्यायची आणि यादीतली नावे ओढून वर-खाली करायची. हेडर, डिटेल आणि फूटर यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. ‘ऑटो ऑर्डर’ हे बटण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असा क्रम लावून देते. एका रांगेच्या फॉर्मला ते पुरते. पण डावीकडे विद्यार्थ्याची आणि उजवीकडे पालकांची माहिती असेल, तर कर्सर दोघांमध्ये येरझारा घालू लागतो. तिथे क्रम हातानेच लावावा आणि तो कागदी अर्जाबरहुकूम असावा.

‘टॅब स्टॉप’ला ‘नो’ केले की कर्सर ती चौकट ओलांडतो. माउसने मात्र तिथे जाता येते. नुसते ‘लॉक्ड’ केल्यास मजकूर बदलता येत नाही, तरी कर्सर थांबतोच. एकूण रकमेसारख्या आपोआप भरणाऱ्या चौकटींना म्हणूनच टॅब स्टॉप ठेवू नये.

शेवटच्या चौकटीनंतर काय, हे फॉर्मच्या ‘सायकल’ गुणधर्मावर ठरते. तो मुळात ‘ऑल रेकॉर्ड्स’ असतो: आणखी एक टॅब दाबताच चालू नोंद जतन होऊन पुढची उघडते. नोंद तपासूनच सोडायची असेल तिथे ‘करंट रेकॉर्ड’ बरा. सबफॉर्ममध्ये टॅब आतल्या आतच फिरत राहतो. बाहेर पडायला कंट्रोल-टॅब लागते, आणि हे नवख्याला कोणी सांगितल्याशिवाय सहसा कळत नाही.

लिबरऑफिस बेसमध्येही असाच क्रम आणि तो आपोआप लावण्याची सोय आहे. ओरॅकल फॉर्म्समध्ये ऑब्जेक्ट नॅव्हिगेटरमधली मांडणी हाच क्रम मानला जातो. वेबवरच्या फॉर्मसाठी डब्ल्यूसीएजी या सुगम्यता-निकषांत २.४.३ हे कलम याच विषयावर आहे.

क्रम लावून झाल्यावर भरलेला कागदी अर्ज समोर ठेवून, माउसला हात न लावता एक पूर्ण नोंद करून पाहावी.