जाब कोणी कोणाला विचारायचा?

फेब्रुवारी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने ‘द सेलिंग ऑफ द पेंटॅगॉन’ हा माहितीपट दाखवला. व्हिएतनामचे युद्ध लोकांच्या गळी उतरवण्यासाठी संरक्षण खाते करदात्यांचाच पैसा कसा उधळते, हा त्याचा विषय होता. शस्त्रांची प्रदर्शने, गावोगाव भाषणे देत फिरणारे लष्करी अधिकारी, सरकारी खर्चाने काढलेले प्रचारपट, असे सगळे त्यात होते. थोड्याच दिवसांत प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने हुकूम काढला. तो संरक्षण खात्यावर नव्हता, वाहिनीवर होता : माहितीपटात न वापरलेले चित्रीकरण हजर करा.

वाहिनीचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी नकार दिला. त्यांच्यावर अवमानाची कारवाई करावी, हा समितीचा प्रस्ताव १३ जुलैला प्रतिनिधिगृहापुढे आला. २२६ विरुद्ध १८१ मतांनी तो समितीकडे परत गेला आणि बासनात पडला.

समितीचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलाखतीची कापाकापी अशी झाली होती, की एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला जोडले गेले. जाब विचारणाऱ्याने आपला हिशोब चोख ठेवायला हवा, हे खरेच. पण याच प्रतिनिधिगृहाने ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव ४१६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर करून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना युद्धाची मोकळीक दिली होती. अमेरिकी जहाजांवरच्या ज्या दोन हल्ल्यांचा त्या ठरावाला आधार होता, त्यांतला ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता. त्या वेळी सरकारच्या कागदांची अशी झडती कोणी घेतली नाही.

ते कागद बाहेर आले तेही १९७१ सालीच. युद्धाचे निर्णय कसे घेतले गेले याचा गुप्त अभ्यास १९६७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनीच करायला सांगितला होता. त्यावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्ग यांनी तो वर्तमानपत्रांच्या हाती दिला. सरकार एका युद्धाबद्दल आत एक बोलत होते आणि बाहेर दुसरे, हे त्या पानांतून दिसले. खटला मात्र एल्सबर्ग यांच्यावर भरला गेला. सरकारी यंत्रणेच्याच गैरवर्तनामुळे १९७३ मध्ये न्यायाधीशांनी तो रद्द केला. युद्ध आखणाऱ्यांपैकी कोणालाही कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नाही.

पहिल्या माहितीपटाचे कर्ते पीटर डेव्हिस यांनी १९७४ मध्ये ‘हार्ट्स अँड माइंड्स’ केला. त्यात एल्सबर्ग आहेत, घरी परतलेले सैनिक आहेत, बाँबखाली घर गमावलेले व्हिएतनामी आहेत, आणि युद्ध चालवणारेही आहेत. पूर्वेकडच्या माणसांना जिवाची पश्चिमेइतकी किंमत नसते, अशा अर्थाचे बोलणे जनरल वेस्टमोरलंड कॅमेऱ्यासमोर शांतपणे करतात. आदल्याच दृश्यात एका दक्षिण व्हिएतनामी सैनिकाचे दफन चालू असते आणि एक बाई आक्रोश करत त्याच्या खड्ड्यात उतरू पाहते. ही दोन दृश्ये शेजारी ठेवणे अनेकांना अन्यायाचे वाटले. डेव्हिस यांची बाजू त्या जोडणीत उघड दिसते, हे मान्य करावे लागेल. पण जनरलसाहेबांचे शब्द त्यांचेच होते.

जॉन्सन यांचे सल्लागार वॉल्ट रॉस्टो यांनी आपल्या मुलाखतीवरून न्यायालयात जाऊन चित्रपटाचे प्रदर्शन काही काळ थांबवले. कोलंबिया कंपनीने वितरणातून अंग काढून घेतले. अखेर तो दुसऱ्या कंपनीमार्फत पडद्यावर आला आणि ८ एप्रिल १९७५ ला त्याला ऑस्कर मिळाले. निर्माते बर्ट श्नायडर यांनी मंचावरून व्हिएतनामी शिष्टमंडळाचा शुभेच्छांचा संदेश वाचला. त्याच सोहळ्यात थोड्या वेळाने फ्रँक सिनात्रा यांनी, या वक्तव्याशी आमचा संबंध नाही, असे निवेदन वाचून दाखवले. तीन आठवड्यांनी सायगाव पडले.

मॅकनमारा त्या वेळी जागतिक बँकेचे अध्यक्ष होते. १९६८ मध्ये संरक्षण खाते सोडून ते तिथे गेले आणि १९८१ पर्यंत राहिले. ‘आपले चुकले’ हे त्यांनी पुस्तकात लिहिले ते १९९५ मध्ये. एरॉल मॉरिस यांच्या ‘द फॉग ऑफ वॉर’ (२००३) या माहितीपटासाठी ते बोलायला बसले तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशी होते. मॉरिस यांच्या यंत्रात बोलणाऱ्याला भिंगाच्या जागी प्रश्नकर्त्याचा चेहरा दिसतो, त्यामुळे तो थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोलतो. मॅकनमारा ४ ऑगस्टचा हल्ला झाला नव्हता हे मान्य करतात. दुसऱ्या महायुद्धात आपण हरलो असतो तर टोकियोवरच्या अग्निबाँबिंगसाठी युद्धगुन्हेगार ठरलो असतो, असेही सांगतात. शेवटी मॉरिस विचारतात : पद सोडल्यावर तुम्ही या युद्धाविरुद्ध बोलला का नाहीत? मॅकनमारा उत्तर द्यायचे नाकारतात. पडद्यावर ते मोटार चालवत असतात.

तोवर ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांची नावे वॉशिंग्टनच्या काळ्या दगडावर कोरली जाऊन वर्षे लोटली होती. व्हिएतनाम सरकारच्या हिशोबाने त्यांच्याकडचे मृत सुमारे तीस लाख होते.

माहितीपटाला शिक्षा देता येत नाही. समन्स काढता येत नाही, कागद जप्त करता येत नाहीत. ते काम संसदेचे आणि न्यायालयाचे. त्यांनी ते टाळले म्हणून हा प्रश्न एका चित्रपटकाराला, तोही पस्तीस वर्षे उशिरा, विचारावा लागला. मॉरिस यांच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले २९ फेब्रुवारी २००४ ला. इराकमध्ये अमेरिकी फौजा शिरून तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि ज्या शस्त्रांसाठी त्या गेल्या ती सापडलेली नव्हती. त्या युद्धाचे निर्णय घेणारे अजून खुर्चीवर होते. मॅकनमारांना विचारलेला प्रश्न त्यांना वेळेवर विचारता आला असता.